पूजेपुरता बंद केलेला डबा

हॅलो?... हॅलो, कोण?... भुपेंद्रदादा! अकरा वाजेपासून नऊ फोन केले तुले, नऊ! अन् आता फोन करून मले खंडेनवमीच्या शुभेच्छा देऊन राहिला?

...नाही, ओरडून नाही राहिली मी. अजून सुरुवातच नाही केली.

...हो, मोनाच बोलून राहिली. तुही आतेबहीण. वरठीच्या कारखान्यात जिच्या भरोशावर तुहं सॉफ्टवेअर घेतलं ना, तेच मोना. ओळखलं का आता?

ऐक. पहिले ऐक ना... दादा, मधात बोलू नको! सॉफ्टवेअर चालू आहे. उघडते. एकदम झकास उघडते. पण आतमध्ये काहीच नाही. एक अर्ज नाही, एक मंजुरी नाही. वरतून लिहून येते, 'स्वागत आहे, पहिला अर्ज भरा.' काय भरू? माहं कपाळ?

...जुलैपासूनचं सारं गेलं. सारं.

...मी काय केलं? मी?... वा रे वा! तू सांगतलं तेच केलं ना मी. काल व्हॉट्सॲपवर तुले विचारलं, उद्या खंडेनवमी आहे, आमच्या इथं चालू मशीनले हळदकुंकू लावत नाहीत, सर्व्हर पूर्ण बंद कसा करू? तू एक ओळ पाठवली. म्हणे हे टाइप कर, पूर्ण बंद होते. आंगठा पण पाठवला वरतून. मी टाइप केली. सर्व्हर फडक्यानं पुसला, फूल वाहिलं, नारळ फोडला. अकरा वाजता चालू केला, तं कोरा!

...काय? काय म्हणाला? पुन्हा बोल.

...बंद करणं वेगळं अन् काढून टाकणं वेगळं. बरं. अन् तू जे पाठवलं ते काढून टाकाचं होतं... अरे बापा! मी बंद कराचं विचारलं होतं रे! मोडाचं नाही!

...हो, वीज गेली तवा काही झालं नव्हतं. मले माहीत आहे. दहादा गेली. तवा तुहा तो कंटेनर, तो डबा, जागीच राहायचा. आज डबाच काढून फेकला, अन् चालू केला तं त्याच्या जागी नवा कोरा आणून ठेवला. बरोबर ना? समजते मले, एवढी अडाणी नाही मी.

...डेटा डब्याच्या बाहेर ठेवाचा असते? हे तू मले आज सांगून राहिला? एप्रिलमध्ये पुंडलिकरावांच्या टेबलासमोर बसून काय सांगत होता तू? मालक, कंटेनर म्हणजे डबा. सॉफ्टवेअर, त्याले लागणारं सारं, एकाच डब्यात. उचला अन् कुठीही ठेवा. हात हलवून हलवून सांगत होता. डबा पलटवला तं भाजी सांडते, हे नाही सांगतलं!

...तपासणीपुरतं तसं ठेवलं होतं? नंतर बदलणार होता? कवा बदलणार होता, माह्या लेकीच्या लग्नात?

...बॅकअप? ते तं बोलूच नको. रोज रात्री बॅकअप झाला म्हणून हिरवी खूण येते. आमच्या सर्व्हरवाल्या धनीरामभाऊनं आत्ता उघडून पायला. आतमध्ये फक्त सेटिंगा आहेत. बटणाचा रंग कोणता अन् मेल कोणाले जावा. लोकाईचं एक अक्षर नाही त्याच्यात. सहा महिने आपण बटणाचा रंग सांभाळला, दादा!

...शांत? तू शांत हो. तुले माहीत आहे उद्या काय आहे?

...दसरा आहे हे मलेही माहीत आहे! आमच्या कारखान्यात काय असते, ते विचारून राहिली. उद्या सकाळी दहाले मालक सोनं वाटते. अन् त्या सोन्यासंगं कंत्राटी माणसाईले कायम झाल्याची चिठ्ठी देते. वर्षातून एकदाच. दसऱ्याच्या दिवशीच. ह्या वर्षी अकरा लोक आहेत. पाच-पाच जणांच्या मंजुऱ्या लागतात एका अर्जाले, अन् पाचही दिसल्याशिवाय मालक चिठ्ठीवर सही करत नाहीत. पहिले ह्याचा भाचा, त्याचा जावई असेच लागायचे म्हणून तं सॉफ्टवेअर घेतलं.

...हो, भरले ना पुन्हा. सकाळपासून तेच करून राहिली. दहा लोकाईचं होईल संध्याकाळपर्यंत. डॉक्टरनं पुन्हा दिली, सेफ्टीवाल्यानं दिली, फोरमननं दिली. हात जोडले साऱ्यांसमोर. दहाचं जमते.

अकरावा नाही होत.

...कवडूभाऊ. शहापूरहून येते तो, भट्टीवरचा. चौदा वर्षं झाली, कंत्राटीच. त्याची फोरमनची मंजुरी बाबूलालकाकांनी दिली होती ऑगस्टमध्ये... तेच बाबूलालकाका. सप्टेंबरात गेले ते. हार्ट अटॅक. आता त्याईची सही कुठून आणू मी?

...नवा फोरमन आहे ना. कुंदन. त्यानं दहा दिल्या अन् ही नाही दिली. म्हणे मी याचं काम पाहिलं नाही, पुढच्या वर्षी पाहू. त्याचा साळा लायनीत आहे त्या जागेसाठी, आख्ख्या वरठीले माहीत आहे. अन् पुढच्या वर्षी कवडूभाऊ पंचेचाळीसच्या वर जाते. पंचेचाळीसच्या वरच्याले कायम करतच नाहीत इथं. मतलब उद्या नाही तं कधीच नाही. समजलं का आता मी काहून नऊ फोन केले?

...

मंग बोल ना, मालकाले काय सांगू?

...काय सांगू म्हणतो मालकाले?... धनीरामनं पूजेच्या वेळेस वायर ओढली म्हणून?

थांब. थांब एक मिनिट. धनीरामभाऊ, तुम्ही जरा बाहेर जा बरं. दरवाजा लावा... हो, चहा प्या.

लाज नाही वाटत तुले? तो माणूस बारा वर्षांपासून आपला जुना सर्व्हर सांभाळत होता! सरळ मशीनवर बसवलेलं सॉफ्टवेअर, गरम झालं की पंखा लावायचा, अपडेट करायचं तं दोन दिवस लागायचे. हो, डोकेदुखी होती. पण बंद केला की बंदच व्हायचा, अन् चालू केला की जिथं होतं तिथूनच! बारा खंडेनवम्या केल्या त्यानं, एक कागद नाही हरवला. अन् त्याचं नाव सांगू मी?

एप्रिलमध्ये तो काय बोलला होता, आठवते? म्हणे ताई, याईले सांगा हा डबा एकदा आपल्यासमोर पूर्ण काढून टाका, पुन्हा लावा, बॅकअपमधून सारं परत आणून दाखवा, मंग जुना बंद करू. तू हसला होता त्याच्यावर. अन् मी... मीही हसली होती.

...नाही, रडून नाही राहिली. राग आला आहे मले. तुह्यावर अन् त्याच्याहून जास्त माह्यावर. तपासणीच्या कागदावर 'बॅकअप परत आणून पाहिला' असं लिहिलं होतं, त्याच्यापुढं बरोबरची खूण कोणी केली, माहीत आहे? मी केली. न पाहता. काहून का तं तू माह्या मामाचा पोरगा. घरचाच माणूस आहे, कायले पाहाचं, असं वाटलं मले.

...दुसरा उपाय? सांग.

...

...तुहं डोकं ठिकाणावर आहे का? मेलेल्या माणसाच्या नावानं मंजुरी टाकणार? मागची तारीख टाकून?

...हो, खरंच दिली होती त्याईनं. खोटं नाही, माहीत आहे मले. मी वाचली ना माह्या डोळ्यानं. त्याईनं शेरा लिहिला होता, 'कवडू भट्टीजवळ असला का मी निवांत जेवाले जातो.' बस, एवढंच. बाकीच्या साऱ्याईले 'काम समाधानकारक' लिहिलं होतं.

...नाही. नाही म्हटलं ना! कोणाले समजणार नाही कसं? कुंदन काय झोपला आहे? सकाळपासून त्याले माहीत आहे का सारं कोरं झालं. अन् दहा लोकाईच्या मंजुऱ्या आजच्या तारखेच्या अन् एकट्या कवडूची ऑगस्टची? पहिल्या नजरेत पकडन तो. मंग चोर कोण ठरन? तू नागपूरले बसला आहे, माह्यावर लोक कुजबुज करतील अन् विसरतील. अन् कवडूभाऊ? चौदा वर्षं काम करून दसऱ्याच्या दिवशी चोर!

...मले त्याच्याशिवाय दुसरा रस्ता दिसत नाही, असं कोण म्हणालं? दिसते ना. मालकाकडं जाते. खूण मी केली, ओळ मी टाइप केली, शेरा मी वाचला, सारं सांगते. बाबूलालकाकांची मंजुरी होती, याची साक्ष मी देते म्हणते. ठेवायचा तं ठेवतील भरोसा.

...जाईल नोकरी तं जाईल. त्याची चौदा वर्षं जाण्यापेक्षा बरं.

...काय विचारून राहिला? मंग आता जुन्या सर्व्हरवर जाणार का, कंटेनरच ठेवणार? दादा, आत्ता हे सुचते तुले? मालक विचारतील तं खरं तेच सांगीन. डबा वाईट नाही. अपडेट दहा मिनिटांत होते, दुसऱ्या मशीनवर नेता येते, सारं खरं आहे. पण लोकाईचं सामान डब्याच्या बाहेर, पक्क्या जागी राहीन, अन् दर महिन्याले धनीरामभाऊ डबा मोडून पुन्हा लावून पाहीन. त्याची सही झाली तं ठेवू. नाही तं त्याचा जुना सर्व्हर अजून कोपऱ्यात उभा आहे. माही सही नाही चालणार आता. तुही तं बिलकुलच नाही.

...तुहं नाव? हो, घेणार. पहिले माहं, मंग तुहं.

...आत्याले कायले मधात आणतो? माह्या मायले मीच सांगीन.

एक मिनिट... कोण आहे?... या, या. नाही, दाराले तोरण मंग बांधा, राहू द्या ते बाहेर. बसा. कवडूभाऊ, बसा म्हटलं ना. हात खराब आहेत तं असू द्या, खुर्चीच आहे ते.

दादा, ठेवू नको. कवडूभाऊ आले आहेत. त्याईले अजून काही माहीत नाही. मालकाकडं जायच्या पहिले त्याईले सांगतलं पाहिजे. तूच सांग. एप्रिलमध्ये हात हलवून सांगत होता ना, तसंच सांग. फोन स्पीकरवर टाकते... कवडूभाऊ, हा माहा भाऊ. सॉफ्टवेअर यानंच बसवलं. तुमच्या अर्जाचं काय झालं ते हा सांगते.

बोल दादा.

...हॅलो?

हॅलो?... दादा?

...

ठेवला त्यानं.

बसा, कवडूभाऊ. मीच सांगते.