तुपासाठी थांबलेली पंगत

मंडळी, ऐका. आज एक सोपा प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर येत असेल त्यानं हात वर करू नये, शेजारच्याला कोपर मारावं, म्हणजे पेंगणारेही जागे होतील. प्रश्न असा — माणसापुढे ताट ठेवलं, म्हणजे त्याला जेवायला वाढलं, असं म्हणता येईल का?

बापू, पेटीचा सूर जरा खाली घ्या. प्रश्न पोटाचा आहे, टाळूचा नाही.

समोरचे काका मान हलवतायत — येईल की, ठेवलं म्हणजे वाढलं. काका, तुम्ही फार सोशिक दिसता. पण आधी आख्यान ऐका, मग बोलू.

कोकणात एक गाव आहे. तिथून समुद्र दिसत नाही, पण रात्रंदिवस ऐकू येतो. त्या गावात रघुनाथतात्या बिवलकर राहतात. देवळाच्या उत्सवात पंगत बसली, की तात्या मधोमध उभे. पानात मीठ आलं, लिंबू आलं, कोशिंबीर आली, भाजी आली, भाताची मूद आली, मुदीवर वरण आलं. आणि सगळ्यात शेवटी तूप. आपल्याकडे तुपाला नावच मुळी अन्नशुद्धी. ते पडेपर्यंत पानाला कुणी हात लावायचा नाही. एखादं पोर लाडवाकडे बोट नेतं, आई हळूच चापट मारते. मग तात्या रांगेवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "सावकाश होऊ द्या." त्यानंतर भुरक्यांचा जो नाद उठतो ना, त्यापुढे आपली ही पेटी काहीच नाही. रागावू नका, बापू.

*पान मांडिलं गं बाई, पाटाभोवती रांगोळी*
*वाट तुपाची पाहते, मूद भाताची गं भोळी*

तर या तात्यांनी आपल्या धाकट्या भावाची लेक वाढवली. शाल्मली तिचं नाव. भाऊ गेला तेव्हा ती इतकीशी, परकराची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. घरात नियम एकच. तात्यांनी घास उचलल्याशिवाय शाल्मली जेवायची नाही, आणि शाल्मलीच्या भातावर तूप पडल्याशिवाय तात्या घास उचलायचे नाहीत.

*बापामागे चुलत्यानं लेक वाढविली लाडाची*
*घास थांबे तिच्यासाठी, जशी साउली झाडाची*

पोरगी शिकली. पुण्यात नोकरीला लागली. तिथं ईशान देवस्थळी नावाच्या मुलाशी मन जुळलं. मुलगा सरळ. त्याची आई नीलाताई मोकळ्या स्वभावाची. वडील देवस्थळीसाहेब — तेही चांगले हो, पण त्यांना मान लागतो. कुणाला चहात साखर जास्त लागते, तसा. ते म्हणाले, "दोन्ही घरची माणसं एकदा एकत्र जेवू. जेवण झालं की तिथंच सुपारी फोडू." आणि त्यांनी टेबल सांगितलं 'रसकुंभ'मध्ये.

आता रसकुंभ म्हणजे काय? शाकाहारी हॉटेल. पण असं शाकाहारी, की कारल्यानंसुद्धा आत जाताना भांग पाडून जावं. उजेड आपल्या गाभाऱ्याइतका. ताट रथाच्या चाकाएवढं, आणि त्यात मधोमध भाजी — बुक्क्याच्या टिळ्याएवढी. खावी की कपाळाला लावावी, असा पेच.

रिक्षातून उतरताना शाल्मलीनं तात्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. म्हणाली, "तात्या, तिथं काही मागायचं नाही हं. विचारायचंही नाही. ते जसं आणतील तसं होऊ द्यायचं."

"बरं बाळ," तात्या म्हणाले.

मंडळी, हा शब्द पदराच्या गाठीत बांधून ठेवा.

सगळे बसले. काळा कोट घातलेला वाढपी आला. त्याला वाढपी म्हटलेलं आवडत नाही, पण त्याला कोण सांगणार आहे? त्यानं प्रत्येकापुढे काचेचा घुमट ठेवला. घुमट उचलला, आतून धूर निघाला. मग तो हात मागे बांधून उभा राहिला आणि एका दमात म्हणू लागला, "सर, हे भोपळ्याचं मंद आचेवरचं रूप आहे, त्यावर वाटाण्याचा फेस आहे, आणि खाली मातीची आठवण आहे."

आता तात्यांच्या डोळ्यांनी बघा. झाकलेलं ताट. धूप. आणि एक मनुष्य काहीही अर्थ न लागणारं भराभर म्हणतोय. तात्यांनी काय ओळखलं? नैवेद्य! दुसरं काय असणार? तात्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

थोड्या वेळानं वाढपी वाकून म्हणाला, "उचलू का सर?"

तात्या प्रसन्नपणे म्हणाले, "उचला, उचला."

उचललं की त्यानं. शाल्मलीनं घास घेतला नव्हता, कारण तात्यांनी घेतला नव्हता. देवस्थळींनी घेतला नव्हता, कारण पाहुण्याआधी यजमान कसा जेवेल? ईशाननं आणि नीलाताईंनी घेतला नव्हता, कारण साहेब डोळे वटारून होते. भोपळा जसा आला तसा आत गेला, फेसासकट, मातीच्या आठवणीसकट.

दुसरा घुमट आला. पुन्हा धूर, पुन्हा पाठ, पुन्हा तात्यांचे हात जोडलेले. मनात म्हणतायत, केवढी भाविक माणसं ही. आपण सगळं एका ताटात उरकतो, हे एकेक पदार्थ देवाला निराळा दाखवतात.

शाल्मलीला आता उमगलं. पण करायचं काय? मोठ्यानं सांगावं, तर तात्यांचं चारचौघांत हसं. न सांगावं, तर साहेबांच्या कपाळावरची शीर दर पदार्थाला फुगतेय. ती कानाशी लागली, "तात्या, घ्या ना थोडं."

तात्या कुजबुजले, "अगं, थांब. जसं आणतील तसं होऊ द्यायचं. तूच म्हणालीस ना?"

तिचा स्वतःचाच शब्द, आणि तोही इतका निगुतीनं पाळलेला.

तिसरा गेला, चौथा गेला. नीलाताईंच्या पोटातून असा आवाज आला, की बापूंनी तो सूर धरला असता. शेवटी साहेबांनी मांडीवरचा रुमाल टेबलावर टाकला.

"बिवलकर, आमचं अन्न तुम्हाला चालत नाही, असंच ना? तसं स्पष्ट सांगा. मग सुपारी कशाला फोडायची? आपापल्या घरी जाऊ."

"बाबा," ईशान म्हणाला.

"तू गप्प बस."

शाल्मलीचे डोळे भरून आले. तात्या गोंधळून सगळ्यांकडे पाहू लागले. पोरीला दिलेला शब्द पाळून बसलेला माणूस, आणि चूक कुठे झाली तेच त्याला कळत नव्हतं.

तेव्हा नीलाताई पुढे झुकल्या. रागानं नाही हो, आपण आजारी माणसाला विचारतो तशा आवाजात म्हणाल्या, "तात्या, तुम्ही कशासाठी थांबलायत?"

"तुपासाठी," तात्या म्हणाले. "नैवेद्य फार छान झाला. इतका जेवलेला देव मी जन्मात पाहिला नाही. आता पानं वाढली, की आपण बसू. मला घाई नाही, पण पोरीला भूक लागलीय. तिचा चेहरा बघा कसा झालाय."

मग नीलाताई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. त्यांनी वाढप्याला विचारलं, "तूप आहे?"

तो म्हणाला, "आहे मॅडम, भुकटीच्या रूपात."

नीलाताई उठल्या, पैठणीचा पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. तिथं एका कोपऱ्यात मोठं पातेलं होतं, शेजारी साध्या तुपाची वाटी. वरणभात! हॉटेलातल्या माणसांनी स्वतःसाठी शिजवलेला. फेस त्यांनाही चालत नाही, मंडळी. त्यांच्याकडून हक्कानं मागून घेऊन बाई बाहेर आल्या, आणि रथाच्या त्या चाकांवर पहिल्यांदा घसघशीत मूद बसली. वरण पडलं. तुपाची वाटी घेऊन त्या तात्यांकडे वळल्या, तर तात्यांनी पानावर हात आडवा धरला.

"आधी तिला."

शाल्मलीच्या भातावर तूप पडलं. मग सगळ्यांच्या. तात्यांनी उजवीकडून डावीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

साहेबांनी तीनदा भात मागून घेतला. सुपारी कधी फुटली, ते त्यांनाही कळलं नाही.

आता टाळ्या थांबवा. हसलात ना त्या हॉटेलाला? हसा. आता मला सांगा, सकाळी घरात तुम्ही काय करता? ताट देवापुढे ठेवता, पाणी फिरवता, न समजणारं भराभर पुटपुटता आणि देवानं डोळा उघडायच्या आत ताट उचलता. का? भजी गार होतात. अहो, त्या काळ्या कोटवाल्यानं निदान 'उचलू का' एवढं तरी विचारलं होतं.

*ताट दाविलं देवाला, देव पाहतो उपाशी*
*हात जोडून उभी मी, काही पुसेना तयाशी*

देवाचं सोडा, त्याला सवय झालीय. तुमच्या घरात कुणी तात्या नाही का? कुणी सासरा, कुणी बायको, कुणी नुकतीच घरात आलेली पोर? समोर सगळं ठेवलेलं असतं, आणि ते माणूस हात जोडून बसलेलं असतं, कारण 'काही मागायचं नाही' असा शब्द कधीतरी आपणच त्याच्याकडून घेतलेला असतो. आपण म्हणतो, याला काही आवडतच नाही. आणि ताट उचलून नेतो.

काका, पुन्हा विचारतो. ठेवलं म्हणजे वाढलं?

आता मान हलवत नाहीत काका. राहू दे. मागे प्रसादाची पानं मांडून झाली आहेत. आज तुम्ही वाढायला उभे राहा, आणि प्रत्येक पानाशी वाकून एवढंच विचारा — कशासाठी थांबलायत?