स्टार्टरची काठी

तुम्ही काही म्हणा, मी डिझाइन शिकलो ते तासगावातल्या एका काठीकडून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही पाण्याच्या मोटरीसाठी नवा स्टार्टर बनवला होता. बटणं अगदी देखणी, बारकी, गुळगुळीत, आत बसवलेली. सर म्हणाले, “मार्क मी देणार नाही, वापरणारा देईल. शेतकऱ्याच्या बागेत जाऊन नुसतं बघायचं. तोंड उघडलं की मार्क कापले.”

सरांना घेऊन तासगावच्या एका आक्कांच्या द्राक्षबागेत तो बसवला. लाइट आली तशा आक्का ओल्या पायांनी आल्या, कोपऱ्यातली वाळकी काठी उचलली आणि लांबूनच बटण दाबायला लागल्या. काठी सारखी निसटायची.

मला राहवेना. “आवं आक्का, हातानं दाबा की! शॉक बसत न्हाई.”

“तूच केलायस न्हवं?”

“व्हय!”

“मग तूच दाब की रं.”

मी ऐटीत पुढं झालो. बोट बटणापर्यंत नेलं. पायाखाली चिखल. आक्का बघतायत, सर बघतायत.

बोट तिथंच थांबलं. मी हळूच म्हणालो, “आक्का, ती काठी जरा द्या.”