मशीनचा सेल

बुलढाण्याच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलो होतो. शेजारच्या बाकावर देऊळघाटचे निवृत्त सुभेदार किसनराव आणि त्यांच्या वच्छलाबाई. आत त्यांची लेक पूनम होती.

"अहो, मशीन कानात घाला! किती वरडू मी?"

"खिशात हाये."

"खिशाले कान हायेत काय? साऱ्या दवाखान्यानं आपलं घरचं ऐकलं!"

"सेल उतरून राह्यला. उरला तेवढा राखून ठेवला."

"काऊन?"

"बाळ रडन तवा लावीन."

"अहो, खाली दुकानात भेटतो सेल! जा, घेऊन या."

"मी जाग्यावरून हालत नाही."

"हे काय चौकी हाये तुमची? तोफांपायी कान गेले, पन हेका गेला नाही!"

"मी खाली गेलो अन् तेवढ्यात झालं तं? पूनम झाली तवा मी बर्फात होतो. तिचं पयलं रडनं कुठं ऐकलं मी?"

"मी सांगतलं होतं ना फोनवर."

"हाव. मांजरीच्या पिलावानी रडते म्हनली होतीस."

"इतक्या वर्सांनी ध्यानात हाये?"

"तेवढंच तं होतं माह्याजवळ."

"...बरं, मी आनते सेल."

"अन् तू गेल्यावर झालं तं?"

"तं तुम्ही सांगा मले."

"मले तुह्यासारखं सांगता येत नाही. बस."

"मंग सरका तिकडं. अन् आता तरी लावा ते मशीन, आत धावपळ चालू झाली."

"लावलं."

"अहो, रडलं! रडलं! ऐकलं काय हो?"

"वरडू नको वं. ऐकू दे."