सोजराबाईच्या वाट्याचे अश्रू

सुलक्षणा : म्हंजी आईच्या दहाव्यापासनं तुम्ही एक बी गोळी घेतली न्हाई. आन् मला फोनवर रोज सांगता, घेतली म्हणून.

भिमाजी : असत्य बोललो, हे मान्य करतो. परंतु बाळ, त्यामागे कारण होते.

सुलक्षणा : कारण मागनं सांगा. आधी माझं ऐका. शेजारच्या चांगुणाकाकूचा फोन आला तवा मी कंपनीत लाईनवर होते. म्हणली, तुझा बाप शेवंतीच्या वाफ्यात बसून रडतोय, टेम्पोवाल्यानं भाव पाडला म्हणून. सुपरवायझरच्या हातापाया पडून हाफ डे घेतला. सणसवाडीपासनं कासुर्डीपर्यंत माझ्या मनात काय काय आलं, माझं मला म्हाईत.

भिमाजी : भावासाठी नाही रडलो. "आबा, फूल बारीक आहे" एवढेच तो म्हणाला, आणि नेत्रांना धारा लागल्या. त्या बिचाऱ्याने घाबरून भाव वाढवून दिला.

सुलक्षणा : हसू आणू नका मला. झोप लागती का?

भिमाजी : निद्रा नाही. मान वळवली की मस्तकातून वीज जाते. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला स्पर्श केल्यासारखे.

सुलक्षणा : ते गोळ्या एकदम तोडल्यामुळंच. मला शंका आलीच होती, म्हणून येताना दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला होता. लई चिडले. म्हणले, इतक्या वर्षांची डिप्रेशनची गोळी अशी बंद करत्यात का कुणी?

भिमाजी : त्या गोळीने माझे काय नेले, ते विचारलेस का त्यांना?

सुलक्षणा : काय नेलं? सत्यजीतदादा गेला तवा तुम्ही भिताडाकडं तोंड करून पडला होता. आईनं तुमची दाढी केली, तुम्हाला घास भरवला. त्या गोळ्यांनी उठवलं तुम्हाला.

भिमाजी : उठवले. कृतघ्न नाही मी. उठलो, शेती केली, चार माणसांत पुन्हा मिसळलो. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. पण यवतपासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत कोणाचीही दशक्रिया असो, लोक म्हणत, भिमाजी आबांना दोन शब्द बोलू द्या. मी श्रद्धांजली वाहायचो आणि अवघा घाट रडायचा. माझ्या आत मात्र पानही हलत नसे. त्याला मी संयम समजलो. स्वतःचा अभिमान वाटायचा मला.

सुलक्षणा : आबा, माझ्यापुढं भाषण नको.

भिमाजी : भाषणाचीच तर गोष्ट आहे. तुझ्या आईच्या, सोजराच्या, दहाव्याला लोकांनी आग्रह केला. मी उभा राहिलो. तिचे कष्ट सांगितले, तिचा स्वभाव सांगितला. एक शब्द अडखळला नाही. खाली उतरलो तर तुझा मामा, बाळासो, जवळ आला. सख्ख्या बहिणीसाठी रडून रडून त्याचे डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाला, "दाजी, भाषण चांगलं झालं."

सुलक्षणा : मामांच्या मनात तसलं काय नसंल.

भिमाजी : तेच तर शल्य आहे. टोमणा असता तर पचवला असता. तो मनापासून बोलला. त्याच दिवशी ठरवले, गोळी बंद करायची. ती सुटली की अश्रू परत येतील.

सुलक्षणा : आले की मग. शेवंतीला आले.

भिमाजी : शेवंतीला आले. चांगुणाच्या करडाला कुत्र्याने ओढले, तेव्हा आले. टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीला आले, सुलक्षणा. तिच्यासाठी येत नाहीत. तिचे लुगडे मांडीवर घेऊन बसतो. कोरडाच उठतो.

सुलक्षणा : ...मला का न्हाई सांगितलं?

भिमाजी : काय सांगू? तुझ्या आईसाठी मला रडू येत नाही, हे पोटच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचे?

सुलक्षणा : हे बी विचारलं मी डॉक्टरांना. दहाव्याला मी तुमच्याकडंच बघत होते, डोळं कोरडं होतं तुमचं. ते म्हणले, काहींना त्या गोळीनं असं होतं, मन बधिर झाल्यागत. खोटं न्हाई ते. सांगितलं असतं तर गोळी बदलता आली असती. पण सगळंच गोळीवर ढकलू नका म्हणले. माणूस गेल्यावर कुणाला लगीच येतं, कुणाला लई उशिरा.

भिमाजी : आणि इतकी वर्षे अंगात मुरलेले औषध? खत जास्त झाले की वरून रोप हिरवे दिसते, खाली मुळ्या जळालेल्या असतात. माझ्याही तशाच जळाल्या असतील तर?

सुलक्षणा : त्याचं नक्की उत्तर त्यांच्याकडं बी न्हाई. तसं सरळ म्हणले. आत्ता गोळी परत चालू करायची, अंग थाऱ्यावर आलं की त्यांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची. महिने लागतील. सुटंल बी कदाचित. पण अशी न्हाई. अशी तोडली तर जुनं दुखणं फिरून येईल म्हणले.

भिमाजी : आणि मी पुन्हा कोरडा झालो तर? वर्षश्राद्धालाही लोक म्हणतील, भाषण चांगले झाले.

सुलक्षणा : तर भाषण करू नका. माझ्याजवळ गप बसा. आबा, दादा गेला, आई गेली. तुम्ही परत भिताडाकडं तोंड केलं, तर मी कुणाला फोन लावू? रडलेला बाप नको मला, कोरडा बी चालंल. पण हाय असा पायजे.

भिमाजी : ...आण.

(सुलक्षणा तांब्याभर पाणी आणते, पाकिटातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवते.)

सुलक्षणा : घ्या. मी तवर चहा टाकते.

भिमाजी : सुले, जाऊ नको.

सुलक्षणा : काय झालं?

भिमाजी : तुझी आई न्हाई जायची. गोळी हातावर ठिवली की म्या गिळूस्तवर हितंच हुबी ऱ्हायची. माझ्यावर इस्वास न्हवता तिचा. तोंड उघडून दावाय लावायची, ल्हान पोरागत. रोज. एक दिस... एक दिस बी कटाळली न्हाई गं ती...

सुलक्षणा : रडून घ्या आधी. मी हाय हुबी.