कोलंबसची थंडी

"दार आतून उघडत होतं, मग तुम्ही बाहेर का आला नाहीत?" हे मी दादा-वहिनीला किती वेळा विचारलं, यार. दोघं नुसते हसायचे.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचा भाड्याचा फ्लॅट सोडून ओहायोतल्या कोलंबसला जायचं की नाही, यावर त्यांचं महिनाभर चाललं होतं. दादा म्हणायचा, "तिथे स्वतःचं घर होईल, मागे अंगण असेल." वहिनी म्हणायची, "आणि अंगणात बर्फ. मला सोसणार नाही."

ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. मी इंडियन ग्रोसरीत कामाला आहे. तिथल्या भाजीच्या कोल्ड रूममध्ये दोघांना नेऊन उभं केलं. म्हटलं, "वहिनी, दहा मिनिटं राहून बघा. नाही जमलं तर दार ढकला, आतून उघडतं."

तेवढ्यात मालाचा ट्रक आला आणि मी विसरलोच. अर्ध्या तासाने धावत गेलो, तर दोघं कोथिंबिरीच्या खोक्यांवर बसलेले, दादाचं एकच जॅकेट दोघांच्या खांद्यांवर, आणि बोलणं चाललंय अंगणात काय लावायचं याचं.

"भाऊजी, जायचं ठरलं," वहिनी म्हणाली.

दोन आठवड्यांनी दादाला ऑफिसात अटॅक आला. गेलाच तो.

वहिनीच्याने फोन होईना, म्हणून कोलंबसला घर दाखवणाऱ्या बाईला मीच केला. मी सातवी नापास, माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे. एवढंच म्हणालो, "दे नॉट कमिंग."

तिने प्रेमाने विचारलं, त्यांना विचार करायला अजून थोडा वेळ हवाय का?

मी "नो" म्हणालो आणि फोन ठेवला.