दयाभाऊचे कडक शॉकअप

शॉकअपचा विषय निघालाच आहे, तर आमच्या सुर्ल्याच्या दयाभाऊचं ऐका. त्याने पिकअप घेतली तेव्हा खाणीचे ट्रक धावून धावून रस्त्याची पार वाट लागली होती. खड्ड्यांचे धक्के झेलणारे गाडीचे मूळ शॉकअप टिकेनात, म्हणून तो मला घेऊन साखळी गावात मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने नरम आणि कडक असे दोन्ही पुढे ठेवले आणि एवढंच विचारलं, "गाडी भरून चालवतलंस काय रिकामी?"

दयाभाऊची छाती फुगली. "रिकामी गाडी चालवक मी काय खुळो?"

बसवले कडक. आता भाडं रोज कुठलं मिळायला! रिकामी पिकअप खड्ड्याखड्ड्यातून बेडकासारखी उडायची. पहिल्याच दिवशी वहिनीचं डोकं टपाला आपटलं. ती म्हणाली, "मागे वजन घाल, नायतर मी चलत येतंय."

मग भाऊ दिसेल त्याला हाक मारून हौद्यात बसवू लागला. बाजाराला निघालेल्या बायका, शाळेची पोरं आणि मधोमध आमची धिप्पाड जनीकाकी. गाडी अशी चालायची, जशी होडी! फुकट नेतो म्हणून सगळे त्याला आशीर्वाद देत.

एकदा बाजाराच्या दिवशी तो असाच भरल्या गाडीने मिस्त्रीकडे थांबला. मिस्त्री म्हणाला, "नरम घालून देतंय. मगे कोणाक बसवक नको."

हौद्यातल्या बायकांनी कान टवकारले. जनीकाकीने पिशवी छातीशी धरली. भाऊने आरशात पाहिलं.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "रिकामी गाडी चालवक मी काय खुळो?"