जुना हीट सिंक परत मिळाल्याबाबत

पुरवणी जबाब. वय ५८, धंदा शिलाईकाम, राहणार बाजारामागची गल्ली, पहिला मजला. गल्लीत मला टेलरबाई म्हणतात.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती फार पूर्वी वारले. मुलगी गेल्या वर्षी आजारपणात वारली. तिच्या मृत्यूबद्दल माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. काल सायंकाळी मी याच ठाण्यात संगणक दुरुस्तीवाल्यांविरुद्ध तक्रार दिली होती, की त्यांनी माझ्या संगणकाचा जुना हीट सिंक परत दिला नाही. त्याबाबत आज विचारल्यावरून पुढे सांगते.

सदर संगणक माझ्या मुलीने, म्हणजे ठमीने, सुटे भाग आणून माझ्या शिलाईच्या टेबलावर स्वतः जोडला होता. हीट सिंक म्हणजे काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले, म्हणून सांगते. संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात, वर पंखा असतो, तो हीट सिंक. दोघांच्या मध्ये करड्या रंगाची पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता नीट वर जाते. एवढे मला ठमीमुळे माहीत आहे. ती पेस्ट लावताना तिचा अंगठा भरला आणि तशाच अंगठ्याने तिने ठोकळा धरून बसवला. मी म्हटले, "अगं, हात पूस आधी. मशीन जोडतेयस का घर सारवतेयस?" त्यावर तिने तोच अंगठा माझ्या नाकाला लावला.

ती गेल्यानंतर मी तो संगणक रोज संध्याकाळी चालू करीत असे. मला त्यातले काही चालवता येत नाही. पंख्याचा आवाज ऐकत मी बटणांची काजे करीत असे, म्हणजे खोली रिकामी वाटत नसे. एकदा धूळ काढण्यासाठी बाजूचे झाकण उघडले असता हीट सिंकच्या कडेला, वाळलेल्या पेस्टमध्ये, तिच्या अंगठ्याचा ठसा दिसला. ठशात मधोमध आडवी रेघ होती. लहानपणी माझी कात्री लागून तिच्या अंगठ्यावर तो वण पडला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक होणे शक्य नाही. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत. पण फोटो कोणीतरी काढलेले असतात. हा ठसा तिच्या हाताचा होता. मी कोणाला सांगितले नाही. बॅटरी लावून बघत असे.

पुढे संगणक चालू केल्यावर थोड्या वेळात आपोआप बंद पडू लागला, म्हणून काल सकाळी दुरुस्तीवाल्यांकडे नेला. ते म्हणाले, पंखा गेलाय, पेस्ट वाळून खडू झालीय, हीट सिंक नवीनच बसवू. मी समोर स्टुलावर बसून होते. त्यांनी काम व्यवस्थित केले, हेही लिहून घ्यावे. आधी मशीन थोडे चालवून गरम केले, मग बंद करून वायर काढली. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले. ठोकळा ओढला नाही, डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा केला. "ओढला की प्रोसेसर पण उपटून येतो, काकू," असे ते म्हणाले. प्रोसेसर स्पिरिटने पुसून त्यांनी नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवली. त्यांच्या बोटाला ती जराही लागली नाही.

मी म्हटले, "तो जुना मला परत द्या." ते म्हणाले, "भंगार ते. काय लोणचं घालायचंय का, काकू?" दुकानातली बाकीची गिऱ्हाइके हसली. मीही हसले. एरवी मी कोणाचे ऐकून घेणारी नाही, पण तिथे माझे तोंड उघडेना. मशीन दिवसभर चालवून बघतो म्हणून त्यांनी संध्याकाळी न्यायला बोलावले. संध्याकाळी गेले तर भंगारवाला पोते घेऊन गेला होता. मी त्यांना चोर म्हणाले, आणखीही नको नको ते बोलले आणि तडक ठाण्यात आले. तक्रारीत ठशाचे सांगितले नाही, कारण बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून घरी पाठवतील असे वाटले.

आज सकाळी दुरुस्तीवाले स्वतः ठाण्यात आले. ठाण्याचा निरोप मिळताच ते भंगारवाल्याच्या गोदामात जाऊन पोती उपसत बसले होते. पत्रा लागून त्यांची बोटे कापलेली मी पाहिली. हीट सिंक त्यांनी नव्या खोक्यात, मऊ कागदात गुंडाळून आणला होता. खोके माझ्या हातात देऊन म्हणाले, "चुकलं माझं, काकू. तुम्ही मागत होतात तेव्हाच द्यायला हवा होता. घाणेरडा तसाच कसा द्यायचा, म्हणून ब्रश मारला, सगळी पेस्ट स्पिरिटने पुसून काढली. बघा, कसा लख्ख झालाय."

मी खोके उघडले. वस्तू तीच आहे, कोपऱ्यातल्या वाकलेल्या पात्यावरून ओळखली. ज्या कडेला ठसा होता ती कडा स्वच्छ आहे. मी त्यांना म्हटले, "छान केलंत. फार कष्ट घेतलेत माझ्यासाठी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले व ते बाहेर जाऊन बसले.

ते बाहेर गेल्यावर मला रडू आवरले नाही. हवालदारसाहेबांनी कारण विचारले तेव्हा ठशाची वरील हकीकत मी प्रथमच सांगितली. ते भिंग घेऊन आले, खिडकीपाशी गेले आणि हीट सिंक चारही बाजूंनी फिरवून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ताई, माणसानं अगदी मन लावून पुसलंय हो." 'मला वाईट वाटले' असे लिहू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, लिहा. याहून मोठा शब्द तुमच्या कागदात बसत असेल तर तो लिहा.

माझी तक्रार मी मागे घेत आहे. दुरुस्तीवाल्यांनी चोरी केलेली नाही. त्यांनी जे केले ते चांगल्या मनाने केले. ठशाबद्दल त्यांना कोणीही, कधीही सांगू नये, एवढीच माझी विनंती आहे.

दुरुस्तीवाले बाहेर बाकावर बसलेले असल्याने हा जबाब मला दार लोटून, हलक्या आवाजात वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.